आठवडा बाजारातून कॅरीबॅग हटवायची कशी? कृष्णाकाठच्या गावांसाठी सविस्तर मार्गदर्शन

सांगली जिल्ह्याला गावसफाई शिकवायची गरज नाही. अंजनीचे आर. आर. आबा ग्रामविकासमंत्री असताना, २०००-०१ साली, संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं आणि गावंच्या गावं खराटे घेऊन रस्त्यावर उतरली. त्या अभियानाने खूप काही दिलं. पण एक सवयही लावली, कचरा म्हटलं की आपला हात आधी खराट्याकडे जातो. प्लास्टिकच्या बाबतीत नेमकं तिथंच घोडं पेंड खातं. रविवारी सकाळी तरुण मंडळाने ओढा साफ केला, फोटो ग्रुपवर टाकले, आणि पुढच्या बाजाराला तेवढंच प्लास्टिक नव्याने गावात आलं. मग दुसऱ्या सफाईला निम्मी पोरं येतात, तिसरीला कोणीच नाही.

म्हणून या लेखात सफाई शेवटाकडे आहे. सुरुवात वहीने करायची, मग भंगारवाला, मग शिलाई मशीन, मग बाजार. पलूस, वाळवा, मिरज, तासगाव या भागातलं, आठवडा बाजार भरणारं, तीन-चार हजारांपासून दहा हजार वस्तीपर्यंतचं गाव डोळ्यापुढे ठेवून हे लिहिलंय. सांगली-मिरजेतल्या एखाद्या प्रभागात काम करणार असाल तर ग्रामपंचायतीच्या जागी महापालिका धरा, बाकी फारसं बदलत नाही.

माणसं कुठली घ्यायची

नऊ-दहा जण पुरे. पण ती एकाच कट्ट्यावरची नकोत. बाजारात बसणारी एक माळवंवाली (भाजीवाली), एक किराणा दुकानदार, बचत गटाच्या दोघी-तिघी, गावातला एक टेलर, शाळेतले एक गुरुजी किंवा बाई, आशाताई, तरुण मंडळाची दोन पोरं. माळवंवाली आणि दुकानदार नसतील तर समिती करूच नका. ज्यांच्या हातातून पिशवी सुटते तीच माणसं बाहेर ठेवून घेतलेला निर्णय बाजारात टिकत नाही.

दुसरी गोष्ट, जी आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असते पण बैठकीत कोणी बोलत नाही: समितीत दोन्ही पॅनेलची माणसं हवीत. मोहीम सरपंचांची झाली की विरोधी गट मुद्दाम कॅरीबॅग घेऊन फिरतो, हे गंमत म्हणून सांगत नाही. त्याच कारणाने पिशवीवर कुठल्याही नेत्याचा फोटो छापायचा नाही. पुढारी पिशव्या फुकट छापून द्यायला एका पायावर तयार असतात, मोह होतोच. पण ती पिशवी निम्मं गाव हातात धरणार नाही, आणि आचारसंहिता लागली की उरलेल्या निम्म्यालाही कपाटात ठेवावी लागेल.

एक बाजार नुसता मोजा

पहिल्या बाजाराला कोणाला काही सांगू नका. पत्रक नाही, भोंगा नाही. वही घेऊन दोन कामं करा.

पहिलं काम बाजार उठताना. प्रत्येक विक्रेत्याला विचारा की आज पिशव्यांची किती पुडकी आणली आणि किती उरली. "तुम्ही प्लास्टिक किती वापरता?" असं विचारलं की माणूस सावध होतो. आणली किती, उरली किती, हा धंद्याचा प्रश्न असतो, त्याचं उत्तर सरळ मिळतं. समजा ८० विक्रेते बसतात आणि प्रत्येकाची सरासरी पाव किलो पिशवी संपते. एका बाजाराला २० किलो, ५२ बाजारांना १,०४० किलो. एका गावाच्या एका बाजारातून वर्षाला टनभर. तुमच्या गावाचा आकडा वेगळा येईल, पण तो तुमचा असेल, आणि ग्रामसभेत तुमच्याच गावच्या आकड्याला वजन असतं. त्याच वेळी पिशवीवर त्यांचा खर्च किती होतो तेही लिहून घ्या, पुढे लागणार आहे.

दुसरं काम बाजाराच्या तोंडाशी, संध्याकाळी ऐन गर्दीच्या तासाला. बाहेर पडणाऱ्या माणसांच्या हाताकडे बघायचं आणि तीन रकान्यांत खुणा करायच्या: फक्त स्वतःची पिशवी, फक्त कॅरीबॅगा, आणि स्वतःच्या पिशवीत कॅरीबॅगा. हा तिसरा रकाना विसरू नका. मोजायला उभे राहिलात की दिसेल, पुष्कळ बायाबापड्या घरून चांगली दणकट पिशवी घेऊन येतात. पण आत टोमॅटो वेगळ्या पिशवीत, मिरची वेगळ्या, भेंडी वेगळ्या, दहा रुपयांची कोथिंबीर तीही वेगळ्या. पाच भाज्यांना पाच पिशव्या. "घरून पिशवी आणा" हा फलक त्यांना लागूच होत नाही, त्यांनी ती आणलेलीच असते. खरी अडचण आतल्या छोट्या पिशवीची आहे, आणि कापडी पिशव्या वाटणाऱ्या कित्येक मोहिमा इथंच चुकतात.

गोळा करण्याआधी घेणारा शोधा

बाजार मोजून झाला की तालुक्याच्या गावातल्या भंगार व्यापाऱ्याकडे जा. जाताना गावातल्या कचऱ्यातले नमुने एका पोत्यात घेऊन जा आणि त्याच्यासमोर ओता. तो पाच मिनिटांत तुम्हाला प्लास्टिकचं सगळं शास्त्र शिकवेल. पाण्याच्या बाटल्या, तेलाचे कॅन, बादल्या-खुर्च्या, दुधाच्या पिशव्या, ठिबकच्या नळ्या तो बाजूला काढेल, याला गिऱ्हाईक आहे. वेफर्सची आतून चंदेरी पाकिटं, शॅम्पू-गुटख्याच्या पुड्या, थर्माकोल, चिखलाने माखलेल्या पातळ कॅरीबॅगा तो पायाने लोटेल. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या नमुन्यात निघतातच, तो विषय वेगळा.

त्याने लोटलेला ढीग म्हणजे तुमचं खरं काम. वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिकचे आणि अॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते वेगळे करणं कोणालाच परवडत नाही. असा माल सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाऊ शकतो. त्यातलं काही डांबरी रस्त्यातही जिरतं. मदुराईच्या त्यागराजर कॉलेजच्या प्रा. आर. वासुदेवन यांनी बसवलेल्या पद्धतीत प्लास्टिकचे तुकडे तापलेल्या खडीवर टाकतात, त्याचा पातळ थर खडीला बसतो आणि मग डांबर घालतात. पण हे दोन्ही एका गावाच्या आवाक्यातलं नाही. त्यासाठी पंचायत समितीकडे चौकशी करा. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याला एक प्लास्टिक व्यवस्थापन केंद्र आणि त्यासाठी १६ लाखांपर्यंत निधी अशी तरतूद केलेली आहे. तुमच्या तालुक्याचं केंद्र कुठं आहे, चालू आहे की नुसतं शेड उभं आहे, तिथं कोणता माल कुठल्या दिवशी घेतात, हे लेखी विचारा.

व्यापाऱ्याशी तीन गोष्टी ठरवा. किमान किती माल साठला की तो टेम्पो पाठवेल, ओला-मळका माल चालेल का, आणि पैसे कोणाच्या हातात. शेवटचा मुद्दा नाजूक आहे. गावात आधीपासून भंगार वेचणाऱ्या बाया असतात. मोहिमेने सुका कचरा गोळा करायला सुरुवात केली की त्यांच्या पोटावर पाय येतो. त्यांनाच गावच्या सुक्या कचऱ्याच्या शेडवर बसवा, वर्गीकरण त्यांच्याकडे द्या, विक्रीचे पैसे त्यांचे. ओळखपत्र, हातमोजे आणि बसायला सावली एवढं ग्रामपंचायतीने द्यावं. प्लास्टिक नुसतं चुरगाळून आवाजावरून ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कोणी मिळणार नाही.

साडीची पिशवी: कापण्याचं गणित

पिशव्या विकत आणू नका. बाजारात कापडी म्हणून मिळणाऱ्या त्या रंगीत, बारीक ठिपक्यांच्या पिशव्या कापडी नसतात, पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. ओळखायला सोपं आहे: कडेचा धागा ओढून बघा. कापडाला आडवा-उभा धागा असतो, ही पिशवी कागदासारखी फाटते. केंद्राच्या नियमात त्याही ६० जीएसएमपेक्षा (चौरस मीटरला ६० ग्रॅम) पातळ असतील तर बंद आहेत. कुजणाऱ्या म्हणजे कंपोस्टेबल पिशव्यांच्या नादाला गावपातळीवर लागू नये असं माझं मत. त्या नीट कुजायला मोठ्या खत प्रकल्पातली उष्णता लागते, शेणखताच्या उकिरड्यात तसं घडेल याचा भरवसा नाही, आणि खरी कुठली, खोटी कुठली हे माळवंवालीने कसं ओळखायचं?

घरोघरच्या जुन्या साड्या मागा. साडेपाच मीटरच्या साडीची लांबी साधारण २१६ इंच, पन्हा ४३ इंच धरा. साडी मधोमध कापा, १०८ इंचांचे दोन तुकडे.

पहिल्या तुकड्यातून ३० बाय १८ इंचांचे सहा तुकडे निघतात, पन्ह्यात दोन ओळी, प्रत्येक ओळीत तीन. ३० इंचांची बाजू दुमडली की १४-१५ इंच रुंद पिशवी होते. पन्ह्यातून उरलेली सात इंची पट्टी उभी चिरा, त्यातून १८ इंचांचे बारा बंद मिळतात, म्हणजे सहा पिशव्यांचे दोन-दोन. बंद चौपदरी दुमडून शिवायचा आणि पिशवीला जोडताना चौकोन करून त्यात फुली मारायची. पिशवी फाटते ती नेहमी बंदापाशी, त्यामुळे टेलरने इथं घाई केली तर परत पाठवा.

दुसरा तुकडा छोट्या पिशव्यांचा. २० बाय १२ इंचांचे पंधरा तुकडे, तोंडाशी नेफा, आणि उरलेल्या पट्टीची नाडी. टोमॅटो, मिरची, वांगी यांच्यासाठी हीच. एका साडीत सहा मोठ्या आणि पंधरा छोट्या, विरलेला भाग सोडावा लागला तर थोड्या कमी. सुती साडीची पिशवी धान्याला, पिठाला उत्तम. नायलॉन-सिंथेटिक साडी भाजीला चालते, भिजली तरी लगेच वाळते. तीही शेवटी प्लास्टिकच आहे, पण घरात आलेलीच आहे, तर वापरून संपवा.

एका कुटुंबाला एक संच: एक मोठी, त्यात चार छोट्या. फुकट देऊ नका. फुकटची पिशवी चुलीपाशी हात पुसायला जाते. शिलाईपुरते पैसे घ्या आणि ते बचत गटाला द्या. बाजारात मात्र वेगळी सोय ठेवा. बाजाराच्या तोंडाशी एक टेबल, तिथं मोठी पिशवी २० रुपये अनामत भरून न्यायची, पुढच्या बाजाराला परत केली की २० रुपये परत. निम्म्या परत येणार नाहीत, हे धरूनच शिलाई ठरवा. परत न आलेली पिशवी म्हणजे विकली गेलेली पिशवी.

बाजाराचा दिवस

विक्रेत्यांची बाजू समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. पिशवी ही त्यांना हौस नाही, खर्च आहे. पण शेजारचा देतो आणि आपण दिली नाही तर गिऱ्हाईक शेजारी जातं. त्यामुळे एकेकट्याला समजावून काही होत नाही, सगळ्यांनी एकाच बाजारापासून बंद करायचं. तुम्ही मोजणीत लिहून घेतलेला त्यांचा पिशवीवरचा खर्च इथं कामाला येतो. वर्षाचा हिशेब मांडून दाखवा, चर्चा लगेच सुरू होते.

आता निरोप पोचवायचा कसा? निम्मे विक्रेते बाहेरगावचे असतात, तुमच्या गावच्या बैठकीला ते येणार नाहीत. पण एक माणूस प्रत्येक विक्रेत्यापाशी दर बाजाराला न चुकता थांबतो: बाजार वसुलीची पावती फाडणारा. त्याला हाताशी धरा. सलग चार बाजार प्रत्येक पावतीसोबत चिठ्ठी: "अमुक तारखेच्या बाजारापासून या गावात कॅरीबॅग बंद. उरलेला साठा तोपर्यंत संपवा." मुदत दिल्याशिवाय बंदी नको. घेतलेला माल वाया जातोय म्हटल्यावर कोणीही भांडेल. वसुलीचा लिलाव होत असेल तर पुढच्या लिलावाच्या अटींतच हे काम घालून टाका.

बंदीच्या पहिल्या बाजाराला समितीतले सगळे लोक हजर हवेत, पण विक्रेत्यांच्या मागे उभं राहायचं नाही, गिऱ्हाइकांच्या वाटेवर उभं राहायचं. पिशवी नाही म्हणणाऱ्याला अनामतीच्या टेबलाकडे न्यायचं, बस्स. चढा आवाज नाही, कोणाची पिशवी हिसकावणं नाही, आणि मोबाइलवर चित्रीकरण तर मुळीच नाही. भाजी घ्यायला आलेल्या म्हाताऱ्या माणसाचा व्हिडिओ फिरवून गाव आपल्या बाजूला येत नाही.

दुकानदार एक वाद हमखास घालतील: "ही जाड पिशवी आहे, चालते." उत्तर पाठ करून ठेवा. केंद्राच्या नियमाने ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅग बंद झाली. महाराष्ट्राची २३ मार्च २०१८ ची अधिसूचना त्याहून कडक आहे, तिच्यात हँडल असलेली, नसलेली, कुठल्याही जाडीची कॅरीबॅग बंद आहे. शिवाय १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकचे ग्लास, ताटं, चमचे, स्ट्रॉ, मिठाईच्या डब्यावरचा पातळ प्लास्टिकचा कागद, सजावटीचा थर्माकोल यांवर बंदी आहे.

किराणा दुकानात कागदी पुडी आणि सुतळी परत आणता येते. फक्त गरम भजी-वडे वर्तमानपत्रात नकोत, शाईमुळे अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही ते टाळायला सांगितलंय. वडापाववाल्याला साधा कोरा कागद किंवा पान.

मटण, चिकन, दही

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण इथं खरंच अडचण आहे. रविवारी मटणाच्या दुकानापुढे रांग असते आणि प्रत्येकाच्या हातात काळी पिशवी. कापडी पिशवीचा इथं काय उपयोग? उपाय घरचा डबाच. पण डबा नेला की दुकानदार कुरकुरतो, "वजन कसं करू?" वजन करण्यात काहीही अडचण नाही. इलेक्ट्रॉनिक काट्यावर रिकामा डबा ठेवायचा, 'टेअर'चं बटण दाबायचं, काटा शून्यावर येतो, मग माल टाकायचा. गिऱ्हाइकालाही डब्याचं वजन मालात धरलं नाही याची खात्री पटते. समितीतल्या कोणीतरी पहिल्या रविवारी दुकानात उभं राहून हे करून दाखवा, आणि काट्याशेजारी मोठ्या अक्षरात लावा: "डबा ठेवा, शून्य बघा, मग माल घ्या." दुकानदाराने डबा आणणाऱ्याला रांगेत पुढे घेतलं तर दोन-तीन आठवड्यांत फरक दिसतो. पैशाच्या सवलतीपेक्षा रांगेतली सवलत लोकांना जास्त गोड लागते.

महाप्रसाद, यात्रा, बारसं

गावात एका दिवसात सगळ्यात जास्त प्लास्टिक जेवणावळीला पडतं. चंदेरी, चकचकीत पत्रावळी कागदी दिसते, पण वरचा थर प्लास्टिकचा असतो. ती ना कुजते ना भंगारात जाते. जेवण उरलेली ती पत्रावळी आणि गाठ मारलेल्या पिशव्या उकिरड्यावर जातात आणि तिथं जनावरं तुटून पडतात. गाईम्हशींना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्या निवडून खात नाहीत, गाठीसकट गिळतात. ते पोटात साठत जातं, जनावर रवंथ करायचं थांबतं, दूध तुटतं, आणि शेवटी डॉक्टरला पोट फाडून गोळा काढावा लागतो. "पर्यावरण वाचवा" या फलकाने जो हलणार नाही तो दूधवाला शेतकरी एवढं ऐकून हलतो. पशुवैद्यकीय डॉक्टरांनाच ग्रामसभेत बोलवा.

यावर उपाय गावाची भांडी बँक. पाचशे स्टीलची ताटं, वाट्या, पेले. पैसा देणगीतून उभा राहतो, कारण आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची जुनी रीत आहे. "कै. अमक्यांच्या स्मरणार्थ" असं ताटावर कोरून मिळणार असेल तर लोक आपणहून दहा-दहा ताटं देतात, आणि नाव कोरलेलं ताट कोणी घरी नेत नाही. भांडी बचत गटाकडे ठेवा, नाममात्र भाडं, हरवल्या नगाला ठरलेली भरपाई, नेताना-आणताना मोजून सही.

मात्र हा सल्ला सगळीकडे सारखा लागू नाही. जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या बाजूला म्हैसाळ आणि टेंभू उपसा योजनांचं पाणी बरंच पोचलंय, तरी जिथं उन्हाळ्यात टँकर येतो तिथं पाचशे ताटं धुवायला सांगणं बरं दिसत नाही. तिथं पानांची पत्रावळी आणि द्रोण, तेही शिवलेले, प्लास्टिकचा थर नसलेले. जेवणं झाली की थेट खतखड्ड्यात.

ठराव आणि दंड

ठराव बाजारातल्या कॅरीबॅग बंदीच्या आधी घ्यायचा. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांभोवती होतात. त्याआधी महिलांची सभा व्हायची असते. विषय तिथूनच आणा. बायकांनी एकमताने मांडलेला विषय ग्रामसभेत सहसा कोणी पाडत नाही. गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल ते. ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, यांच्याकडे विषय लेखी द्या, नाहीतर "आयत्या वेळचे विषय" मध्ये जाऊन तो वाहून जातो. ठराव असा लिहिता येईल:

"गावाच्या हद्दीत, आठवडा बाजारात व सार्वजनिक कार्यक्रमांत प्लास्टिक कॅरीबॅग व एकदाच वापरायच्या प्लास्टिक-थर्माकोलच्या वस्तू दि. ____ पासून वापरू नयेत. सुका कचरा आठवड्यातून ____ वारी स्वतंत्र उचलावा. कचरा उघड्यावर जाळू नये. बाजार वसुलीच्या अटींत ही अट समाविष्ट करावी. अंमलबजावणीचा अहवाल पुढील प्रत्येक ग्रामसभेत वाचून दाखवावा. सूचक ____, अनुमोदक ____. ठराव सर्वानुमते मंजूर."

अहवालाचं वाक्य गाळू देऊ नका. अहवाल वाचायचा आहे म्हटलं की कोणीतरी आकडे ठेवतं.

राज्याच्या अधिसूचनेत पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० रुपये आणि तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. हा दंड करायचे अधिकार नेमलेल्या अधिकाऱ्यांना आहेत, समितीला नाहीत. समितीने पावतीपुस्तक हातात घेतलं की मोहीम संपली असं समजा. आणि दंड करायचाच असेल तर सुरुवात कोथिंबिरीच्या जुडीमागे बसलेल्या म्हातारीपासून नको. घाऊक पिशव्या पुरवणारा कोण, तो कुठल्या वारी गाडी घेऊन येतो, हे बाजारात सगळ्यांना माहीत असतं. तक्रार त्याची करा.

जाळण्याबद्दल मात्र पहिल्या दिवसापासून कडक राहा. सकाळी अंगण झाडून कोपऱ्यात काडी लावायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. पीव्हीसी जळलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइडसारखे घातक वायू आणि डायॉक्सिन बाहेर पडतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळण्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये भरपाई ठरवून दिली आहे.

शेतातलं प्लास्टिक

बाजार मार्गी लागल्यावर शिवाराकडे वळा, आधी नको. टोमॅटो-मिरचीच्या बेडवरचा मल्चिंग पेपर, द्राक्षबागेवरचं आच्छादन, ठिबकच्या नळ्या, औषधांच्या बाटल्या. नळ्यांना गिऱ्हाईक आहे, ते आपोआप जातं. मल्चिंग पेपर पातळ घेतला की काढताना चिंध्या होतात आणि रोटर मारला की मातीत मिसळतात, मग तो जन्मभर निघत नाही. पीक संपल्यावर रोटरच्या आधी, जमीन थोडी ओली असताना, सरीच्या एका टोकाकडून गुंडाळत यायचं. माती झटकून, गुंडाळी बांधून शेडवर.

औषधाच्या रिकाम्या बाटलीत पाव भाग पाणी घालून, झाकण लावून हलवायचं आणि ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचं. असं तीनदा. औषधाचा शेवटचा थेंबही पिकावर जातो, विहिरीत नाही. मग बाटलीला भोक पाडायचं, म्हणजे तिच्यात कोणी पाणी किंवा रॉकेल भरणार नाही. या बाटल्या इतर प्लास्टिकमध्ये मिसळू नका आणि वेचणाऱ्या बायांच्या हाती देऊ नका. त्यांच्यासाठी वेगळा, कुलपाचा पिंप ठेवा आणि परत घेण्याबद्दल कृषी सेवा केंद्राच्या मागे लागा.

हंगामात ऊसतोड टोळ्या येतात. त्यांच्या खोपीवर प्लास्टिकचा कागद असतो. तो त्यांचं छप्पर आहे, त्यावर मोहीम चालवायची नाही. पण त्यांच्या तळावर घंटागाडी जात नाही, ती मात्र न्या.

शाळा, नदी, पूर

शाळेत "जास्त प्लास्टिक आणेल त्याला बक्षीस" ठेवू नका, पोरं बक्षिसासाठी वेफर्स विकत घेतात. बाटलीत रॅपर ठासून विटा करायचं फॅडही मर्यादेत ठेवा. एखादा कट्टा बांधायला ठीक, गावाचा कचरा त्यात मावत नाही. मुलांना मोजणी द्या. बाजाराच्या तोंडाशी तीन रकाने भरायचं काम सातवीचा वर्ग उत्तम करतो.

घाटावर निर्माल्य कलश ठेवायचा तर शेजारी पिशवी रिकामी करायला दुसरा पिंप हवाच. लोक हार-फुलं पिशवीसकट सोडतात, पुलावरून तर भिरकावतातच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. असं पाणी उतरलं की काठच्या बाभळी-करंजांना पिशव्या लटकलेल्या दिसतात. म्हणून वार्षिक सफाईचा दिवस पावसाळ्याआधी, मे अखेरीस धरा. ओढे, गटारांची तोंडं आणि नदीकाठ, याच क्रमाने. सुक्या कचऱ्याचं शेडही तोवर रिकामं झालं पाहिजे, नाहीतर वर्षभर गोळा केलेलं पूर परत घेऊन जाईल.

पैसा

फार लागत नाही, पण लागतो. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये, त्यावरच्या गावाला माणशी ४५ रुपये असा निकष ठेवलेला आहे. चार हजारांच्या गावाला २ लाख ४० हजार होतात. यातला काही हिस्सा वित्त आयोगाच्या निधीतून घालायचा असतो. शेड, वर्गीकरणाचे कप्पे, वजनकाटा यांत तो बसतो. पिशव्या आणि ताटं मात्र लोकवर्गणीतूनच करा. माझी वसुंधरा अभियानात गाव उतरलं असेल तर हेच काम तिथल्या गुणांकनातही धरता येतं. कामाला जोर यायला शेजारी बघा: २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत कराड देशात पहिलं आलं होतं. समितीतल्या दोघा-तिघांनी तिथं जाऊन सुका कचरा कसा हाताळतात ते बघून यावं, एसटीच्या तिकिटाएवढा खर्च.

तिसऱ्या महिन्यात कॅरीबॅग परत येते

ती येणारच. बहुतेकदा एखाद्या सणाच्या बाजाराला, गर्दीत, बाहेरून पहिल्यांदाच आलेल्या विक्रेत्याच्या गाडीवर. एकाने दिली की शेजारी देतो आणि तासाभरात बाजार मूळपदावर. म्हणून दसरा-दिवाळी, संक्रांत आणि गावची यात्रा, या तीन वेळी समितीने पहिल्या दिवसासारखंच हजर राहायचं. एरवी महिन्याच्या एका बाजाराला दोघांनी फेरी मारली तरी भागतं.

मोजणी दर तीन महिन्यांनी, त्याच जागी, त्याच तासाला, त्याच तीन रकान्यांत. आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, घटले तरी आणि वाढले तरी. तिसरा रकाना फुगला असेल तर छोट्या पिशव्या संपल्यात किंवा फाटल्यात, नवीन साड्या मागा. दुसरा रकाना फुगला असेल तर अनामतीच्या टेबलावर कोणी बसत नसेल, ते आधी बघा. आणि विक्रेत्यांकडची पुडकी वाढली असतील तर घाऊक पिशव्यांची गाडी परत यायला लागली आहे, पावती फाडणाऱ्याला विचारा, वार सांगेल.

वही कोणा एकाच्या घरी ठेवू नका. तिची जागा बचत गटाच्या कपाटात, भांडी बँकेच्या रजिस्टरशेजारी.